लाकडी नंदी ते स्मार्ट खेळणी : मोबाईलच्या काळात लहान मुलांचं खेळणं (संपूर्ण माहिती)



मागच्या तान्ह्या पोळ्याला मी पुण्याहून घरी गेलो होतो. घर म्हणजे वर्ध्याला लागून असलेलं बोरगाव (मेघे). आईने माझा लहानपणीचा लाकडी नंदी माळ्यावरून काढून, तेलाने पुसून, त्याला नवी झूल शिवून ठेवली होती. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, साडेचार वर्षांचा. मी मोठ्या कौतुकाने नंदी त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटा केला, पोटाखाली बघितलं, चाकं बघितली आणि विचारलं, "मामा, हा चालू कुठून होते?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्याच रात्री तो ताईच्या फोनवर कार्टून बघत होता. व्हिडिओ संपला, स्क्रीनवर पुढच्या व्हिडिओचे आकडे उलटे मोजले जाऊ लागले. पाच, चार, तीन... त्याने कशालाच हात लावला नाही. फक्त वाट बघत बसला. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण तसलंच काउंटडाऊन मी स्वतः लिहिलेलं आहे, दुसऱ्या एका ॲपसाठी. त्याबद्दल पुढे सांगतोच.

हा लेख आईबाबांसाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त आहे. घरात फोनचं काही अडलं की हाक कोणाला मारतात? तुम्हालाच. लहान भाऊ, बहीण, पुतण्या, भाची यांच्या हातातला फोन सेट करण्याचं काम शेवटी आपल्याकडेच येतं. मग ते नीट समजून केलेलं बरं.

चला तर मग, सविस्तर पाहूया.

या लेखात काय आहे?

- खेळणं म्हणजे नेमकं काय
- आपल्याकडची जुनी खेळणी आणि तान्हा पोळा
- खेळ फोनमध्ये कसा शिरला
- ॲप मुलांना धरून कसं ठेवतं
- स्मार्ट खेळणी आणि प्रायव्हसी
- कायदा आणि स्क्रीनची वेळ
- महाराष्ट्रातल्या दोन गावांनी काय केलं
- फोनमध्ये करायच्या सेटिंग
- फोन वापरून करता येणारे खरे खेळ
- नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खेळणं म्हणजे नेमकं काय?

सोपी कसोटी सांगतो. खेळताना पुढे काय होणार हे कोण ठरवतं?

भोवरा असेल तर जाळी कशी गुंडाळायची, किती जोरात फेकायचा, हे मूल ठरवतं. चुकलं तर भोवरा आडवा पडतो आणि मूल पुन्हा जाळी गुंडाळतं. भातुकलीत तर सगळंच मूल ठरवतं. वाळूचा भात, पानांची भाजी, आणि पाहुणा कोण तेसुद्धा.

ऑटोप्लेवर चालणाऱ्या व्हिडिओत पुढे काय दिसणार हे सर्व्हरवरचा प्रोग्राम ठरवतो. मुलाच्या वाट्याला फक्त बघणं येतं.

म्हणून "डिजिटल म्हणजे वाईट आणि लाकडी म्हणजे चांगलं" अशी वाटणी मी करत नाही. फोनवर चित्र काढणारं मूल स्वतः काहीतरी ठरवत असतं. उलट बटन दाबलं की एकच गाणं वाजवणारं प्लास्टिकचं कुत्रं पाचव्या मिनिटाला कंटाळवाणं होतं. सूत्ररूपाने सांगायचं तर खेळणं जितकं कमी करेल, तितकं मूल जास्त करेल.

आमच्या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिथून गांधीजींची नई तालीम पुढे आली. हाताने काम करता करता शिकायचं, सूत कातताना गणितही शिकायचं, असा तिचा गाभा. सेवाग्राम आमच्या घरापासून गाडीने थोड्याच वेळाच्या अंतरावर. लहानपणी शाळेच्या सहलीत तिथे गेलो तेव्हा मला चरखा म्हणजे एक मोठं खेळणंच वाटलं होतं. आता वाटतं, तेव्हा फार काही चुकत नव्हतो.

तान्हा पोळा : खेळण्याचाच सण

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पोळ्याला खऱ्या बैलांचा मान असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, आणि तो पोरांचा. चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत मुलं मैदानात किंवा देवळापुढे जमतात. कोणाचा नंदी जास्त सजला, कोणाची वेशभूषा चांगली, यावर बक्षिसं मिळतात. मग नंदी घेऊन घरोघरी जायचं आणि बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ किंवा पैसे. नागपुरात त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला असं सांगितलं जातं.

वर्धा जिल्ह्यात या सणाचं मोठं नाव म्हणजे सिंदी (रेल्वे). आमच्या शेजारची सिंदी (मेघे) वेगळी. ही सेलू तालुक्यातली, रेल्वे स्टेशनची सिंदी. तिथले नंदी हातात मावणारे नसतात, माणसापेक्षा उंच असतात. ओढायला मोठी माणसं लागतात. बघायला आजूबाजूच्या गावांतून लोक येतात.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. नंदीत बॅटरी नाही, आवाज नाही, स्क्रीन नाही. चार चाकं आणि एक दोरी. पण त्या एका खेळण्याभोवती सुतार आहे, झूल शिवणारी आजी आहे, शेजारच्या पोराशी तुलना आहे, चढावर नंदी उलटला तर सावरण्याची खटपट आहे आणि दारोदार जाऊन बोलण्याची भीड मोडणं आहे. एवढी फीचर्स एका ॲपमध्ये टाकायची म्हटलं तर आमची टीम हात जोडेल.

महाराष्ट्रात लाकडी खेळण्यांचं दुसरं मोठं ठिकाण म्हणजे सावंतवाडी. तिथल्या चितार आळीत लाकडी फळं, बाहुल्या, छोटी भांडी, भातुकलीचा संच असं सगळं मिळतं. हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा गंजिफा हा खेळही सावंतवाडीच्या राजघराण्याने जपून ठेवला.

आणि ज्यांना विकत मिळत नव्हतं त्यांचं काय? कंचे, चिंचोके, विटी-दांडू, फुटक्या खापऱ्यांची लगोरी, सायकलचा जुना टायर आणि तो पळवायला काडी. काड्यापेटीची दोन खोकी आणि मधे दोरा बांधून केलेला फोन तर आम्ही प्रत्येक उन्हाळ्यात नव्याने शोधून काढायचो. दोरा ताठ धरला तरच ऐकू येतं, कारण आवाज म्हणजे कंपनं आणि सैल दोऱ्यातून ती नीट पुढे जात नाहीत. ही माझी कम्युनिकेशनची पहिली प्रॅक्टिकल. मार्क कोणी दिले नाहीत.

खेळ फोनमध्ये कसा शिरला?

हे एका दिवसात झालेलं नाही. थोडक्यात प्रवास असा :

- १९८४ : मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी टेट्रिस बनवला. जत्रेत मिळणाऱ्या, "९९९९ गेम" लिहिलेल्या ब्रिक गेममध्ये आपण मुख्यतः हाच खेळलो.
- १९९७ : नोकिया ६११० वर स्नेक आला. २००३ च्या नोकिया ११०० मुळे तो आपल्याकडे घरोघरी पोचला. बाबांचा फोन, पण साप आपला.
- २००६ : एझा रॅस्किन यांनी इन्फिनिट स्क्रोलची कल्पना मांडली. पान संपतच नाही, खाली सरकवत राहा. पुढे त्यांनी स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.
- २०१५ : यूट्यूब किड्स आलं.
- सप्टेंबर २०१६ : जिओ सुरू झालं. डेटा स्वस्त झाला आणि जेवताना कार्टून लावणं घराघरात परवडायला लागलं.
- २०२० : लॉकडाऊनमध्ये शाळाच फोनवर आली. आधी "मोबाईल ठेव" म्हणणारे शिक्षक "मोबाईल घेऊन बस" म्हणायला लागले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजी मोबाईलवर बंदी आली.

यात एक फरक लक्षात घ्या. टेट्रिस आणि स्नेकमध्ये आपण हरायचो. साप भिंतीवर आपटला की खेळ खलास. हात दुखले, बॅटरी संपली, आईने हाक मारली की थांबायचो. आजच्या बऱ्याच ॲपमध्ये "खलास" हा क्षणच काढून टाकला आहे.

ॲप मुलांना धरून कसं ठेवतं?

आता माझी गोष्ट सांगतो. पहिल्या नोकरीत मी लहान मुलांच्या एका लर्निंग ॲपवर काम करायचो. गाणी, गोष्टी, अक्षरओळख. आमच्या डॅशबोर्डवर सगळ्यात वर एक आकडा असायचा : एक मूल एका बैठकीत सरासरी किती मिनिटं ॲपमध्ये राहतं. तो वाढवायचा होता. मला काम मिळालं की एक व्हिडिओ संपला की पाच सेकंदांनी दुसरा आपोआप सुरू करायचा. कोड फार नव्हता, दीड दिवसाचं काम. पुढच्या महिन्यात ग्राफ वर गेला, मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. मलाही भारी वाटलं. "मुलं किती शिकली" असा आकडा त्या डॅशबोर्डवर नव्हता, आणि तो का नाही हे मी विचारलंही नाही.

कोणी दुष्ट नव्हतं हो तिथे. सगळे माझ्यासारखेच, कर्जाचे हप्ते भरणारे. पण जो आकडा मोजतो तोच वाढतो, आणि आम्ही मिनिटं मोजत होतो.

यामागची मुख्य तंत्रं ओळखून ठेवा :

१. ऑटोप्ले. निर्णय घ्यायची गरजच उरत नाही. "अजून एक बघू का?" हा प्रश्न मुलापुढे येतच नाही. थांबण्यासाठी काहीतरी करावं लागतं, चालू राहण्यासाठी काहीच नाही. मोठ्यांनाही हे जड जातं, साडेचार वर्षांच्या पोराचं काय घेऊन बसलात.

२. कधी मिळेल ते माहीत नसलेलं बक्षीस. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. दाणा ठरावीक वेळी न मिळता अनिश्चितपणे मिळत राहिला, तर कबुतर खूप जास्त चोची मारत राहतं. गेममधला गिफ्ट बॉक्स, लकी स्पिन, रील सरकवल्यावर "आता काय येणार" ही उत्सुकता, सगळं त्याच तत्त्वावर.

३. स्ट्रीक. रोज उघडलं तर आगीचं चिन्ह, एक दिवस चुकलं की शून्य. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याची भीती जास्त काम करते.

४. रिकमेंडेशन. कोणता व्हिडिओ पूर्ण बघितला, कुठे सोडला, कुठे मागे नेला, हे सगळं नोंदवलं जातं. त्यावरून पुढचा व्हिडिओ निवडला जातो. मुलाला काय हिताचं आहे हे त्या प्रोग्रामला कळत नाही. मूल कशाने थांबून राहतं एवढंच कळतं.

५. नोटिफिकेशन. "तुझा मित्र तुझी वाट बघतोय!" असा मेसेज कार्टूनच्या तोंडून येतो तेव्हा मोठ्यांना ती जाहिरात वाटते. लहान मुलाला तो खरंच मित्र वाटतो.

स्मार्ट खेळणी : बोलणारी बाहुली कोणाशी बोलते?

आता फोनच्या बाहेर येऊ. इंटरनेट किंवा ब्लूटूथने जोडलेल्या खेळण्याला स्मार्ट खेळणं म्हणतात. त्याचं काम साधारण असं चालतं. खेळण्यातला माईक आवाज पकडतो, तो ब्लूटूथने फोनमधल्या ॲपकडे किंवा वायफायने थेट सर्व्हरकडे जातो, तिथे आवाजाचं मजकुरात रूपांतर होतं, उत्तर तयार होतं आणि स्पीकरमधून वाजतं. म्हणजे मूल बाहुलीच्या कानात जे गुपित सांगतं ते एखाद्या दूरच्या सर्व्हरवर पोचतं.

यात काय बिघडू शकतं? ही खरी उदाहरणं :

- नोव्हेंबर २०१५, व्हीटेक : हाँगकाँगच्या या खेळणी कंपनीचा डेटा चोरीला गेला. त्यात जगभरातल्या सुमारे ६४ लाख मुलांची माहिती होती.
- २०१५, हॅलो बार्बी : वायफायवर चालणारी, बोलणारी बार्बी. मुलांचं बोलणं रेकॉर्ड होऊन सर्व्हरवर जातं म्हणून अमेरिकेत तिच्यावर बरीच टीका झाली.
- फेब्रुवारी २०१७, माय फ्रेंड केला : या बाहुलीचं ब्लूटूथ पासवर्डशिवाय जोडता यायचं. जवळपासचा कोणीही फोन जोडून घरातलं ऐकू शकत होता. जर्मनीच्या सरकारी यंत्रणेने तिला लपवलेलं हेरगिरीचं उपकरण ठरवून बंदी घातली आणि पालकांना बाहुली नष्ट करायला सांगितलं.

आता एआयवर चालणारी बोलकी खेळणी बाजारात येत आहेत. घेण्याआधी एवढं तपासा :

1. इंटरनेट नसताना ते खेळणं चालतं का?
2. ॲप कोणकोणत्या परवानग्या मागतं? लोकेशन आणि कॉन्टॅक्ट कशाला हवेत?
3. माईक बंद करायला खरं बटन आहे का?
4. ब्लूटूथ जोडताना पिन किंवा खेळण्यावरचं बटन लागतं का?
5. रेकॉर्डिंग डिलीट करता येतं का?

यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं "माहीत नाही" आली तर खेळणं दुकानातच राहू द्या.

कायदा काय सांगतो?

डेटा : भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे. मुलाचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचं ट्रॅकिंग करणं आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

अमेरिकेत मुलांचा डेटा पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. तेव्हापासून यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना "हा मुलांसाठी आहे का" हे सांगावं लागतं आणि अशा व्हिडिओखाली कमेंट बंद असतात.

सुरक्षितता : १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांची आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यातून वगळली आहेत. बाकी ठिकाणी चिन्ह बघूनच घ्या.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. गाणी वाजवणाऱ्या स्वस्त खेळण्यांत गोल चपटा बटन सेल असतो. मुलाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घेऊ नका. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

स्क्रीन किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन दिलं :

- एक वर्षापर्यंत : स्क्रीन नकोच. एक वर्षाच्या मुलालाही नको.
- दोन ते चार वर्षं : बसून स्क्रीन बघणं दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम.

व्हिडिओ कॉल यापेक्षा वेगळा. नागपूरच्या आजोबांशी बोलणं हे बघत बसणं नाही, त्यात समोरून उत्तर येतं.

दोन गावांची गोष्ट

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला लोक घरोघरी जाऊन समजावत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही.

दोन्ही गावांचा हेतू एकच, पण पद्धत वेगळी. मला वडगावची जास्त पटते. कारण तिथे फोन फक्त पोरांचा नाही, सगळ्यांचाच बंद होतो. आपण रील बघत पोराला "जा, बाहेर खेळ" म्हटलं तर ते कशाला जाईल? आणि दुसरं म्हणजे सगळ्या घरांत एकाच वेळी फोन बंद झाला की खेळायला शेजारचं पोरगंही मोकळं असतं. एकट्याने लगोरी खेळता येत नाही.

फोनमध्ये आजच करा या सेटिंग

कंपनीनुसार नावं आणि जागा थोड्या बदलतात. सापडलं नाही तर सेटिंगच्या सर्चमध्ये नाव टाका.

१. ॲप पिनिंग (अँड्रॉइड). सेटिंगमध्ये सिक्युरिटी, मग ॲप पिनिंग चालू करा. आता मुलाला एकच ॲप उघडून देता येतं. अनपिन करताना पिन विचारण्याचा पर्यायही चालू ठेवा. आयफोनवर यालाच गाइडेड ॲक्सेस म्हणतात, ते ॲक्सेसिबिलिटीमध्ये मिळेल.

२. ॲप टायमर. डिजिटल वेलबीइंगमध्ये जाऊन प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा लावा. स्वतःच्या ॲपलाही लावून बघा, गंमत कळेल.

३. ऑटोप्ले बंद. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना वर ऑटोप्लेचं बटन दिसतं, ते बंद करा. यूट्यूब किड्समध्ये ते मुळातच बंद ठेवलेलं असतं, कोणी चालू केलं नाही ना एवढं बघा.

४. यूट्यूब किड्सचा टायमर. कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हावर टॅप करून टायमर लावा. सर्चही बंद करता येतं. हवं तर तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असं ठेवा.

५. प्ले स्टोअरची खरेदी. पेमेंट करताना दर वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागेल अशी सेटिंग करा. गेममधले हिरे खऱ्या पैशाने येतात हे मुलांना कळत नाही.

६. फॅमिली लिंक. मुलाला वेगळा फोन किंवा टॅब दिला असेल तर गूगल फॅमिली लिंकने ॲप इन्स्टॉल करायची परवानगी, रोजची वेळ आणि झोपेची वेळ पालकांच्या फोनवरून ठरवता येते.

७. नोटिफिकेशन बंद. मुलांच्या प्रत्येक गेमचं. अपवाद नाही.

सेटिंग करून झाल्या की आईबाबांना शेजारी बसवून दाखवा. पिन त्यांनी टाकायचा. तुम्ही होस्टेलला गेल्यावर फोन पुन्हा पहिल्यासारखा व्हायला नको.

फोन घेऊनच खेळा, पण असं

अरविंद गुप्ता हे नाव ऐकलंय का? आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. नोकरी सोडून काड्यापेट्या, स्ट्रॉ, जुने टायर ट्यूब, वर्तमानपत्रं यांतून विज्ञानाची खेळणी बनवण्यात आयुष्य घातलं. पुण्याच्या आयुकात मुलांच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळण्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत. इथे फोन कृती दाखवतो आणि खेळणं हातात तयार होतं.

अजून दोन गोष्टी करून बघा :

भोवऱ्याचं स्लो मोशन. कॅमेऱ्यात सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असेल तर व्हिडिओ नेहमीच्या ३० फ्रेमच्या वेगात चालवल्यावर आठपट सावकाश दिसतो. भोवरा मंदावताना त्याचं वरचं टोक हवेत गोल गोल फिरायला लागतं. त्याचा वेग आधी वाढतो की कमी होतो, हे पोरांना मोजायला सांगा.

कंचा आणि फिफॉक्स. जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं फिफॉक्स हे मोफत ॲप फोनच्या सेन्सरने मोजमाप करतं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे : पहिल्या आवाजाला सुरू, दुसऱ्याला बंद. टेबलाच्या कडेबाहेर पट्टी काढा, तिच्या टोकावर कंचा ठेवा आणि पट्टीला पेनाने टक्कन मारून ती खालून काढून घ्या. कंचा एक मीटर खाली पडायला जवळपास ०.४५ सेकंद लागतात. आधी अंदाज लावायला लावा, मग मोजा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : मोबाईल घेतला की मूल खूप रडतं. काय करायचं?
अचानक हिसकावू नका. आधी सांगा, "हा व्हिडिओ संपला की बंद." ऑटोप्ले बंद असेल तर व्हिडिओ खरंच संपतो आणि तुमचा शब्द खरा ठरतो. पुढचं काम तयार ठेवा. फोन जाऊन हात रिकामे राहिले की रडू जास्त येतं.

प्रश्न : एज्युकेशनल ॲप चालेल ना?
"एज्युकेशनल" हे लेबल कंपनी स्वतःच लावते. कसोटी तीच : मूल काही ठरवतंय की फक्त बघतंय? आणि ॲप कधी संपतं का?

प्रश्न : सगळे मित्र गेम खेळतात, आपलं मूल मागे पडेल का?
गेमबद्दल माहिती असणं आणि दिवसभर गेम खेळणं वेगळं. मित्रासोबत शेजारी बसून खेळलेला गेम एकट्याने पाहिलेल्या रीलपेक्षा कितीतरी बरा.

प्रश्न : गावातच मैदान उरलं नाही, खेळायचं कुठे?
ही खरी अडचण आहे. बोरगावातही मी जिथे विटी-दांडू खेळलो तिथे आता प्लॉट पडले आहेत. शाळेचं पटांगण सुट्टीच्या दिवशी उघडं ठेवायला सांगणं हे ॲप टायमरपेक्षा जास्त उपयोगाचं काम आहे. ग्रामपंचायतीत अर्ज द्या.

शेवटी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी भाचा नंदी घेऊन बाहेर पडला. "चालू कुठून होते" याचं उत्तर मी दिलं होतं : दोरीपासून. चौकापर्यंत गेला नाही तर मागचं एक चाक निखळलं. रडत परत आला, "मोबाईल दे" म्हणाला. खरं सांगतो, फोन देणं सोपं होतं, माझा हात खिशाकडे गेलाही होता. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "काऊन रडून राहिला? चाक तं लावून दे त्याले." बाटलीचं झाकण, एक खिळा आणि जुन्या चपलेचा रबराचा तुकडा. वीस मिनिटं आम्ही दोघं अंगणात बसलो. खिळा मी ठोकला, झाकण त्याने धरलं. नंदी एका बाजूने लंगडायला लागला. मैदानात बक्षीस काही मिळालं नाही, पण दिसेल त्याला तो ते झाकण दाखवत होता. "हे मी लावलं."

रात्री त्याने पुन्हा मोबाईल मागितला. दिला. वीस मिनिटांचा टायमर, ऑटोप्ले बंद. व्हिडिओ संपला, स्क्रीन थांबली. त्याने थोडा वेळ वाट बघितली. मग फोन खाली ठेवून विचारलं, "मामा, नंदीचं दुसरं चाक पण काढू का?"

पुण्याला परतल्यावर सध्याच्या टीममध्ये मी एक छोटी विनंती टाकली : लहान मुलांच्या प्रोफाइलवर ऑटोप्ले सुरुवातीपासूनच बंद असावा. अजून त्यावर निर्णय झालेला नाही. मी दर आठवड्याला विचारतो.